अमेरिकेत कुठला खेळ कुठे रुजला, आणि का?

मिनेसोटाकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतोय.

आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो. डिसेंबरात थंडी पक्की बसली की इथल्या सार्वजनिक बागांमध्ये रात्री माणसं पाण्याचे जाड पाइप घेऊन उतरतात. मोकळ्या जागेवर पाण्याचा पातळ थर सोडायचा, तो पुरता गोठू द्यायचा, मग त्यावर दुसरा. घाई करून एकदम पाणी ओतलं तर वरचा पापुद्रा गोठतो, खाली पोकळी राहते आणि पोरांचे स्केट त्यात रुततात. त्यामुळे हे काम रात्ररात्र चालतं. शेजारी हीटर लावलेली एक खोली असते, तिथे बसून पोरं स्केटच्या नाड्या बांधतात. तिकीट नाही, फी नाही.

१९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये ज्या अमेरिकी आइस हॉकी संघाने सोव्हिएत संघाला ४-३ ने हरवलं, त्याच्या २० खेळाडूंपैकी १२ एकट्या मिनेसोटाचे होते. प्रशिक्षक हर्ब ब्रुक्सही इथलेच. बाकीचे मॅसॅच्युसेट्स, मिशिगन आणि विस्कॉन्सिनचे. म्हणजे जिथे तळी गोठतात, तिथलेच सगळे.

तिकडे टेक्सासात शाळांचं फुटबॉल (अमेरिकी फुटबॉल म्हणतोय), इंडियानात बास्केटबॉल, नॉर्थ कॅरोलायनात मोटारशर्यती. माझं मत असं की अमेरिकी खेळांचा इतिहास आधी हवामानाचा आणि अंतरांचा आहे. मालक, लीग, पैसा हे सगळं मागून आलं. तुमच्या भागातलं लिहा. पटत नसेल तर का पटत नाही तेही लिहा.

तळ्याकाठची

पहिली! मस्त विषय. वाचतेय.

इतिहासवेडा

तुमच्या बाजूने भक्कम पुरावा बास्केटबॉलचा आहे. १८९१ चा डिसेंबर, मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड. वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेतली तरुण मुलं थंडीमुळे व्यायामशाळेत कोंडलेली आणि रोजच्या कवायतीला विटलेली. कॅनडाहून आलेल्या जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला सांगण्यात आलं की यांच्यासाठी छपराखाली खेळता येईल असं काहीतरी शोध.

त्याने काढलेले १३ नियम वाचले की ती खोलीच डोळ्यांसमोर येते. लाकडी जमिनीवर कोणी कोणाला पाडलं तर हाडं मोडतील, म्हणून चेंडू घेऊन पळायचंच नाही. लक्ष्यासमोर झुंबड उडू नये म्हणून लक्ष्य डोक्याच्या वर. सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग दहा फुटांवरच आहे. चार वर्षांनी जवळच्याच होलिओक गावात विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल काढला, तोही वायएमसीएतच. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्याने एका दशकात जगाला दोन खेळ दिले.

खिडकीतली_मनी

इतिहासवेडा, माहिती छान, निष्कर्ष पटला नाही. स्प्रिंगफील्डला हिवाळा काय १८९१ साली पहिल्यांदा पडला? त्याआधीही लोक तिथे गारठतच होते. नवीन होती ती वायएमसीएची व्यायामशाळा, आणि तिच्यामागे होतं शहर. शेतं सोडून कारखान्यांत आणि कचेऱ्यांत आलेली तरुण मुलं संध्याकाळी करणार काय, ही तेव्हाच्या समाजसुधारकांची मोठी चिंता होती. बास्केटबॉल त्या चिंतेतून आला.

पुढे तो कुठे फोफावला तेही बघा. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबं दाटीवाटीने राहत होती. बेसबॉलला लागणारं मैदान तिथे कुठून आणणार? पण सेटलमेंट हाऊसमध्ये, म्हणजे गरीब वस्तीतल्या समाजकेंद्रात, एक हॉल असे आणि त्यात दोन रिंगा. १९२० आणि ३० च्या दशकांत या खेळातले कित्येक नामवंत खेळाडू ज्यू होते, फिलाडेल्फियाचा स्फाज हा तर ज्यू खेळाडूंचाच गाजलेला संघ. ही कुटुंबं पुढे उपनगरांत गेली. दक्षिणेतला जाच आणि गरिबी मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या शहरांत आले, आणि खेळ त्यांचा झाला. हवामान सगळा वेळ तेच होतं.

आता आपल्याकडचा धागा. शिकागोहून आलेले क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२७ साली मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं, ते याच सेटलमेंट हाऊसच्या धर्तीवर. (आजची टाटा समाजविज्ञान संस्था ज्या शाळेतून वाढली, तीही मॅनशार्ट यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.) दाट वस्ती, छोटं मैदान, दोन रिंगा. नागपाडा मुंबईच्या बास्केटबॉलचं माहेरघर झालं ते काही बर्फामुळे नव्हे!

गल्लीक्रिकेटर

नागपाड्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. अब्बास मुंतसिर तिथलेच, भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार विजेते. आमच्या शाळेचा संघ तिकडे सामन्याला गेला की अख्खी गल्ली मैदानाभोवती उभी असायची. खिडक्यांतून, गच्च्यांवरून बायकामुलंसुद्धा ओरडून सूचना द्यायची.

ओहायोवासी

माझ्या भागाचं लिहितो, कारण इथे हवामानही नाही आणि समाजसुधारकही नाहीत. इथे आहेत कारखाने.

आज अब्जावधी डॉलरची उलाढाल करणारी एनएफएल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलची व्यावसायिक लीग, जन्मली ओहायोतल्या कँटन गावी, सप्टेंबर १९२० मध्ये, एका मोटारविक्रीच्या दुकानात. बसायला पुरेशा खुर्च्या नव्हत्या, म्हणून काही मंडळी विक्रीला ठेवलेल्या हपमोबिल गाड्यांच्या पायऱ्यांवर टेकली. पहिला अध्यक्ष म्हणून निवडलं जिम थॉर्पला, म्हणजे कार्लाइलच्या इंडियन शाळेतून आलेल्या मूळनिवासी खेळाडूला. सुरुवातीचे संघ बघा: कँटन, अ‍ॅक्रन, डेटन, रॉक आयलंड, डिकेटर. सगळी गिरण्या-कारखान्यांची गावं. डिकेटरचा संघ स्टेली नावाच्या स्टार्च कंपनीचा होता, तोच पुढे शिकागो बेअर्स झाला.

शनिवार महाविद्यालयीन फुटबॉलचा होता आणि तो खेळ सुरुवातीला येल, प्रिन्स्टनसारख्या ठिकाणच्या सुखवस्तू मुलांचा. कामगाराला सुट्टी रविवारची, म्हणून पैसे घेऊन खेळणाऱ्यांनी रविवार धरला. पेनसिल्वेनियात मात्र रविवारी असे सामने भरवायला कायद्याने बंदी होती. पिट्सबर्गचा संघ १९३३ साली उभा राहिला तो ही बंदी उठणार म्हणूनच, आणि ती उठेपर्यंत त्यांनी घरचे सामने बुधवारी खेळले.

त्या छोट्या गावांपैकी आज टिकून आहे फक्त विस्कॉन्सिनचं ग्रीन बे. लोकवस्ती लाखभर. मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने गणवेशाला पैसे दिले, म्हणून नाव पॅकर्स. मालक कोणी धनाढ्य नाही, गावकरी आणि चाहतेच भागधारक. त्या भागांवर लाभांश मिळत नाही आणि ते नफ्याने विकताही येत नाहीत. पण नुसत्या प्रेमावर संघ चालत नाही. १९६१ पासून टीव्हीचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो, न्यूयॉर्कला जेवढा तेवढाच ग्रीन बेला. हा नियम नसता तर ग्रीन बेचंही कँटन झालं असतं.

सदू_सांगलीकर

स्टार्च कंपनीचा संघ! म्हणजे बाकी काही नसलं तरी गणवेश कडक इस्त्रीचे असणार :-)

धागा जोरात चाललाय, येऊ द्या अजून.

बोरूबहाद्दर

मिनेसोटाकरांनी 'अंतर' म्हटलंय तो मुद्दा मागे पडतोय, म्हणून लिहितो.

बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगमध्ये मिळून १६ संघ, आणि १९०३ ते १९५२ या हंगामांत त्यातला एकही आपलं शहर सोडून गेला नाही. सगळे मिळून दहा शहरांत, आणि सगळी देशाच्या ईशान्य कोपऱ्यात. सर्वांत पश्चिमेचं आणि दक्षिणेचं ठाणं म्हणजे सेंट लुईस. कारण सरळ आहे: रात्रीची आगगाडी पकडून पुढच्या सामन्याला वेळेवर पोचता आलं पाहिजे. कॅलिफोर्नियात लाखो माणसं होती, बारमाही ऊन होतं, खेळाडू होते. पण गाडीने जायला काही दिवस लागायचे. सेंट लुईसचे सामने केएमओएक्स या जबर ताकदीच्या रेडिओ केंद्रावरून दूरवर ऐकू जायचे, त्यामुळे दक्षिणेतल्या आणि मिसिसिपीच्या पलीकडच्या खेड्यांतही कार्डिनल्सचे चाहते पिढ्यानपिढ्या तयार झाले. त्यातल्या कित्येकांनी ते मैदान कधी पाहिलंही नसेल.

विमानप्रवास सोपा झाला आणि १९५८ च्या हंगामात ब्रुकलिनचे डॉजर्स लॉस एंजेलिसला, न्यूयॉर्कचे जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला. ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड ट्रामच्या जमान्यातलं, वस्तीच्या मधोमध. गाड्या लावायला जागा अगदी थोडी. प्रेक्षक लाँग आयलंडच्या उपनगरांत जाऊन मोटारीने फिरू लागले होते. मालक वॉल्टर ओमाली यांना ब्रुकलिनमध्येच, रेल्वे स्थानकाजवळ जागा हवी होती. शहराचा नकाशा ज्यांच्या हातात होता त्या रॉबर्ट मोझेस यांनी ती दिली नाही, क्वीन्समधली जागा पुढे केली. ओमाली गेले.

याच एबेट्स फील्डवर १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून पहिला सामना खेळला आणि मोठ्या लीगमधली सहा दशकांहून अधिक काळची वर्णबंदी मोडली. ते १९६० मध्ये पाडलं. आता तिथे राहत्या इमारती आहेत.

देवदूतनगरी

बोरूबहाद्दर, तुम्ही ब्रुकलिनच्या बाजूने गोष्ट संपवलीत. मी लॉस एंजेलिसला राहते, इथली बाजू अशी.

डॉजर्सना मिळालेली जागा, चावेझ रवीन, ही मोकळी टेकडी नव्हती. तिथे मेक्सिकन अमेरिकन कुटुंबांच्या तीन वस्त्या होत्या: घरं, शाळा, चर्च, अंगणात कोंबड्या आणि भाजीपाला. १९५० च्या सुमारास शहराने सार्वजनिक घरबांधणीसाठी म्हणून त्यांना उठवायला सुरुवात केली, नव्या घरांत पहिला हक्क तुमचा असं सांगून. मग राजकारण फिरलं, सार्वजनिक घरं म्हणजे साम्यवाद अशी ओरड झाली, योजना रद्द झाली. जागा गेली डॉजर्सकडे. मे १९५९ मध्ये शेवटच्या कुटुंबांना पोलिसांनी घरातून उचलून बाहेर काढलं, एका बाईला हातापायांना धरून पायऱ्यांवरून खाली नेलं. त्याची छायाचित्रं आहेत. स्टेडियम १९६२ मध्ये उघडलं.

इथल्या अनेक मेक्सिकन कुटुंबांनी पुढे कितीतरी वर्षं तिथे पाऊल टाकलं नाही. १९८१ मध्ये सोनोराच्या खेड्यातून आलेला विशीतला फर्नांडो व्हॅलेन्झुएला गोलंदाजी करायला लागला, तेव्हा कुठे चित्र पालटलं. माझ्या शेजारच्या आजी आजही त्याचंच नाव घेतात, संघाचं नाही.

म्हणून मला 'अंतर' आणि 'भूगोल' हे शब्द फार निरागस वाटतात. जमीन कोणाची होती आणि कोणाकडून काढून घेतली, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

इतिहासवेडा

देवदूतनगरी, प्रतिसाद आवडला. एक भर घालतो: जमीन सरकारी असेल तर तिचा उलटाही उपयोग झालाय.

१९४६ मध्ये क्लीव्हलँडचा रॅम्स हा फुटबॉल संघ लॉस एंजेलिसला आला. त्यांना कोलिझियम हवं होतं, आणि ते सार्वजनिक पैशाने बांधलेलं. कृष्णवर्णीय पत्रकारांनी जाहीर सुनावणीत प्रश्न लावून धरला: सगळ्यांच्या पैशाचं मैदान गोऱ्यांच्या संघाला कसं देता? त्या रेट्यामुळे केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड या कृष्णवर्णीय खेळाडूंना करारबद्ध केलं गेलं. रॉबिन्सनच्या एक वर्ष आधी.

वॉशिंग्टन शहराचा फुटबॉल संघ १९६२ पर्यंत पूर्ण गोरा होता, लीगमधला शेवटचा. मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांचा संघ बरीच वर्षं दक्षिणेतल्या राज्यांना सर्वांत जवळचा होता, रेडिओ-टीव्हीचे त्यांचे बरेच ग्राहक दक्षिणेत, आणि त्या ग्राहकांना दुखवायचं नव्हतं. पण नवं स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होतं. गृहमंत्रालयाचे प्रमुख स्ट्युअर्ट उडाल यांनी ठणकावलं, भेदभाव चालू ठेवाल तर मैदान नाही. बॉबी मिचेल हा कृष्णवर्णीय खेळाडू संघात आला.

खिडकीतली_मनी

इतिहासवेडा, म्हणजे आपण दोघं आता एकाच बाजूला आलोय. 'गृहमंत्रालय' मात्र आपल्यासारखं पोलिसांचं नव्हे हं, तिकडे ते खातं सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं आणि खाणी सांभाळतं. म्हणूनच उडालांच्या हातात ती किल्ली होती.

दक्षिणवारी

अटलांटाहून. ब्रेव्हज या बेसबॉल संघाने २०१७ साली शहरातलं मैदान सोडून कॉब काउंटीत नवं बांधलं. या काउंटीने १९६५ मध्येच शहराच्या सार्वजनिक वाहतूक योजनेत यायला मतदानाने नकार दिला होता, त्यामुळे मेट्रोची गाडी आजही तिथे जात नाही. सामना असला की महामार्ग तुंबतो, आणि शहरातल्या ज्या वस्त्यांत मोटार नसलेली माणसं राहतात त्यांना सामना बघणं जवळजवळ अशक्य. साठ सालच्या दशकातलं ते मतदान कशाच्या भीतीने झालं (शहरातले कृष्णवर्णीय लोक इकडे येतील), हे इथल्या जुन्या लोकांना विचारावं लागत नाही. देवदूतनगरींचा मुद्दा इथेही लागू.

टेक्सासची_वहिनी

ह्यूस्टनकडून थोडं हवामानाच्या बाजूने, नाहीतर धागाकर्ते एकटे पडतील!

इथला उन्हाळा मुंबईच्या मे महिन्यासारखा, वर डास. १९६२ मध्ये बेसबॉल संघ आला तेव्हा उघड्या मैदानावर लोक डासांनी हैराण झाले. म्हणून १९६५ मध्ये अ‍ॅस्ट्रोडोम बांधलं, संपूर्ण छप्पर आणि वातानुकूलित. आत खरं गवत लावलं होतं, त्याला ऊन मिळावं म्हणून छताला पारदर्शक तावदानं, साडेचार हजारांहून जास्त. दिवसाच्या पहिल्याच सामन्यांत लक्षात आलं की वर गेलेला चेंडू त्या चकाकीत दिसतच नाही. क्षेत्ररक्षक डोकं धरून उभे. तावदानं रंगवली, चेंडू दिसू लागला, गवत मेलं. हंगामाचे उरलेले सामने वाळक्या गवतावर आणि मातीवर हिरवा रंग मारून खेळवले. पुढच्या वर्षी कृत्रिम गवत आलं, त्याचं नावच अ‍ॅस्ट्रोटर्फ पडलं. आपली हॉकी जिच्यामुळे कायमची बदलली ती हिरवळ ह्यूस्टनच्या डासांपासून सुरू होते.

शाळेच्या फुटबॉलबद्दल एवढंच: शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गावात रस्ते ओस पडतात. ओहायोवासींनी ज्या १९६१ च्या वाटपाबद्दल लिहिलंय, ते ज्या कायद्यामुळे जमलं त्याच कायद्यात शाळा-कॉलेजांच्या हंगामात शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार टीव्हीवरच्या व्यावसायिक सामन्यांपासून राखून ठेवलेत.

सदू_सांगलीकर

आता ध्यानचंदांच्या काळातलं गवत आणि ह्यूस्टनचा डास एकाच धाग्यात आले. धन्य ते आंतरजाल!

निळ्या_डोंगरातला

नॉर्थ कॅरोलायना. दारूबंदी १९२० ते ३३, पण डोंगरातल्या हातभट्ट्या नंतरही चालू राहिल्या, कर चुकवायला. जमीन मक्याशिवाय फारसं देत नाही, रस्ते वळणांचे, आणि दारू भरलेली गाडी पोलिसांच्या पुढे राहिली पाहिजे. बाहेरून साधी दिसणारी गाडी. इंजिन वाढवलेलं, मागच्या स्प्रिंगा कडक केलेल्या, म्हणजे ओझ्याने गाडी बसलेली दिसू नये. रविवारी हीच पोरं मातीच्या ट्रॅकवर एकमेकांशी शर्यत लावायची. नॅसकारचे (मोटारशर्यती भरवणारी मोठी संघटना) सुरुवातीचे बरेच चालक यातूनच आले. विल्क्स काउंटीचा ज्युनियर जॉन्सन १९५६ मध्ये बापाच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात गेला, १९६० ला डेटोना ५०० जिंकला. १९८६ मध्ये रेगन यांनी त्याला माफी दिली.

तळ्याकाठची

सगळं वाचलं. पण अर्ध्या लोकसंख्येबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

१९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे २ लाख ९४ हजार. आज ३० लाखांहून जास्त. मध्ये काय झालं? १९७२ चा शिक्षणातल्या भेदभावाविरुद्धचा कायदा, टायटल नाइन. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला मुलींना मैदानापासून दूर ठेवता येईना.

त्याचा एक परिणाम मला फार आवडतो. फुटबॉलच्या संघात मुलं प्रचंड संख्येने असतात, तेव्हा तोल साधायला विद्यापीठांना मुलींचा मोठा संघ हवा होता. वल्हवण्याच्या खेळात एका बोटीत आठ जणी आणि सुकाणूला एक. त्यामुळे समुद्रापासून शेकडो मैल दूर, गव्हाच्या शेतांच्या कॅन्ससमध्ये दोन विद्यापीठांत मुलींचे रोइंग संघ आहेत! माझी भाची कॉलेजात जाईपर्यंत कधी बोटीत बसली नव्हती. आता पहाटे पाचला वल्ही घेऊन तलावावर असते. मिनेसोटाकर, हे कुठल्या हवामानात बसवणार?

गल्लीक्रिकेटर

आणि क्रिकेट? १८४४ मध्ये अमेरिका-कॅनडा सामना न्यूयॉर्कमध्ये झाला, फिलाडेल्फियाचे संघ इंग्लंडचे दौरे करायचे. पण तो खेळ तिथे मोठ्या घरांच्या क्लबांत अडकला, बेसबॉल मोकळ्या माळावर पसरला. १९०९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद साम्राज्यातल्या देशांपुरती होती, अमेरिकेला दारच बंद.

परत आलं ते स्थलांतरितांबरोबर: आधी कॅरिबियन लोक, मग आपण. ६ जून २०२४ ला डलासजवळ अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, ती ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने. मुंबईकडून रणजी, भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक, मग कॉर्नेलला शिक्षण आणि ओरॅकलमध्ये नोकरी. ते मैदान पूर्वी बेसबॉलचं होतं. आता क्रिकेटची मैदानं कुठे होतायत बघा: डलास, सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, नॉर्थ कॅरोलायनातलं मॉरिसव्हिल. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांचा नकाशा काढा, वेगळा नकाशा लागणार नाही.

मिनेसोटाकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

तळ्याकाठची, कॅन्ससचं रोइंग हवामानात बसत नाही, मान्य. देवदूतनगरी, चावेझ रवीनचं वाचून त्या रात्री त्याबद्दल अजून शोधत बसलो. तरी एक म्हणणं सोडत नाही. खेळ पहिल्यांदा कुठे रुजतो हे हवा आणि जमीन ठरवते. तो कोणाच्या हातात जातो हे बाकीच्या गोष्टी ठरवतात. आणि आता दुसरं पहिल्याला गिळतंय. इथे हिवाळे सौम्य होत चाललेत, उघड्यावरचा बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो. त्यामुळे हॉकी बंदिस्त रिंकमध्ये गेली, तिथे बर्फ यंत्राने करतात आणि तासाचे पैसे पडतात. वर स्केट, पॅड, प्रवास. लेकाच्या संघात पूर्वी ज्या खाणगावांतून खेळाडू यायचे तिथली मुलं दिसत नाहीत, डॉक्टर-वकिलांची दिसतात. हे मला मनापासून खटकतं.

इंडियानातलं कोणी आहे का? बास्केटबॉलचं तुमच्याकडे नेमकं काय झालं?

मक्याच्या_शेतातून

आहे! उशिरा आले.

मक्याची कापणी आणि वसंतातली पेरणी यांच्या मधले महिने शेतकऱ्यांना मोकळे. खेड्यांतल्या शाळा इतक्या लहान की फुटबॉलला अकरा धडधाकट मुलं जमायची नाहीत, पाच जमायची. म्हणून बास्केटबॉल. १९९७ पर्यंत राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत होत्या. १९५४ मध्ये १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन शाळेने मन्सी सेंट्रलला ३२-३० ने हरवून ती जिंकली, बॉबी प्लम्पच्या शेवटच्या फटक्यावर. ही गोष्ट इथे लहान मुलांनाही पाठ असते.

मला त्यापुढच्या वर्षाची गोष्ट सांगायचीय. इंडियानापोलिसची क्रिस्पस अ‍ॅटक्स शाळा १९२७ मध्ये मुद्दाम कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी काढलेली. १९४२ पर्यंत राज्य स्पर्धेत प्रवेशच नव्हता. १९५५ मध्ये टेनेसीहून आलेल्या कुटुंबातल्या ऑस्कर रॉबर्टसनच्या जोरावर त्यांनी स्पर्धा जिंकली. संपूर्ण कृष्णवर्णीय शाळेने खुली राज्य स्पर्धा जिंकण्याची देशातली ही पहिली वेळ. विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मधल्या स्मारक चौकात थांबून साजरी व्हायची, तशी मायलनची झाली होती. अ‍ॅटक्सच्या मुलांना चौकाला एक फेरी मारू दिली आणि गाडी थेट त्यांच्या वस्तीतल्या बागेकडे वळवली. शहराला दंग्याची भीती वाटत होती म्हणे. रॉबर्टसनच्या मनातून ती रात्र कधीच गेली नाही. पुढच्या वर्षी एकही सामना न हरता त्यांनी स्पर्धा पुन्हा जिंकली.

त्याच राज्यात, तोच खेळ, तीच थंडी. मिनेसोटाकर, यात तुमचंही आहे आणि मनीताईंचंही.

खिडकीतली_मनी

मक्याच्या_शेतातून, अ‍ॅटक्सवर स्वतंत्र लेख लिहाच. १९२७ मध्ये ती शाळा वेगळी का काढली आणि तिला स्वतःचं मोठं मैदान का नव्हतं, इथपासून सुरुवात करा.